एक बोट बाहेर

सुष्माचा पाय मुरगळला नसता, तर त्या रविवारी चंदना त्याच्याशी खेळलीच नसती. सकाळचे साडेसात. माळ्यानं नुकतंच पाणी मारलेलं, टेनिस कोर्टाची लाल माती ओलसर, आणि जोडीदार नाही. फोनवर सुष्माला दोन शब्द सुनावून ती रॅकेट पिशवीत भरतच होती, तोच मागून आवाज आला.

"मराठीत भांडणं गोड वाटतात, री." उंच, सावळा, ओशाळं हसणारा, बोलण्यात कानडी हेल. "मी पुनीत. मेटगळ्ळीला कारखान्यात असतो. सुम्मने, उगाच एकटाच सर्व्ह मारून कंटाळलोय. एक सेट?"

"हरायची तयारी असेल तर," चंदना म्हणाली.

पहिले दोन गेम तिला वाटलं, बेताचा, सावध खेळाडू आहे. तिसऱ्यात ती चपापली. चेंडू जाळ्यावरून हातभर उंच येत होता, खोल पडत होता, आणि दर वेळी तिच्या बॅकहँडला. घाई नाही, दिखावा नाही. ती वैतागून मागे सरकली की पुढे अलगद एक आखूड चेंडू. आणि सर्व्हच्या आधी चेंडू दोनदा आपटून, क्षणभर थांबून... सरळ अंगावर.

हा खेळ ती पंधरा वर्षं खेळत आली होती. जाळ्याच्या अलीकडून, बाबांसमोर.

सेट दोन-सहा गेला. पाणी पिताना तिनं शक्य तितक्या सहज विचारलं, "कोणाकडे शिकलात?"

"गुंडुराव मास्तरांकडे. टेलर होते ना, ते. शर्ट शिवायला गेलो होतो. माप घेताना म्हणाले, तुझा उजवा खांदा एक बोट खाली आहे, टेनिस खेळतोस काय? म्हटलं, खेळतो आणि हरतो. म्हणाले, मंगळवारी ये, दुकान बंद असतं." तो थांबला. तिचा चेहरा त्यानं आता नीट पाहिला असावा. "तुम्ही... मास्तरांची बेंगळुरूची मुलगी?"

"हो. आता इथलीच. दुकान मीच बघते."

त्यानं नुसती आपली पाण्याची बाटली तिच्या बाटलीशेजारी सरळ रेषेत ठेवली. बाबा गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत खूप लोक खूप बोलून गेले होते. हे तिला बरं वाटलं.

बाबांशी तिनं एकही सेट जिंकला नव्हता. त्यांनी कधी जिंकूही दिलं नाही. "ज्या दिवशी जिंकशील त्या दिवशी खरी जिंकशील," म्हणायचे. तो दिवस यायच्या आतच ते गेले. आपल्याला ते कधी जमलं असतं का, एवढं एकच तिला कळायचं राहिलं होतं.

"दर रविवारी खेळू," ती म्हणाली. "एक अट. मला जिंकू द्यायचं नाही."

"अय्यो, तुम्ही जिंकणार असं म्हणालं कोण?"

पुढचा रविवार तीन-सहा. त्याच्या पुढचा चार-सहा. हरल्यावर पायऱ्यांवर बसून कॉफी, आणि कॉफीबरोबर टोमणे.

"तुमचा बॅकहँड म्हणजे फार शालीन," पुनीत म्हणे. "बोलवल्याशिवाय पुढे येत नाही."

"आणि तुमचा फोरहँड बिनबोलावता येतो. कारखान्यात हेच शिकवतात?"

तो हसायचा, आणि हसताना मान खाली घालायचा. चौथ्या रविवारी, पाच-सात हरताना, चंदनाच्या लक्षात आलं की आपण त्या हसण्याचीही वाट बघतो. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो उंच चेंडूच तिला हरवत होता, कारण ती त्याची वाट बघत मागे उभी राहायची. चेंडू खांद्याच्या वर चढला की बॅकहँडमध्ये जोर कुठून येणार? बाबा म्हणायचे, घाई नको. त्यांच्या खेळावरचा उतारा तेवढा त्यांनी सांगितला नव्हता. घाईच करायला हवी होती.

पाचव्या रविवारी ती दोन पावलं पुढे उभी राहिली. टप्पा पडून चेंडू वर येत असतानाच, कमरेच्या उंचीवर घ्यायचा, त्याच्या डाव्या कोपऱ्यात ढकलायचा, आणि सरळ जाळ्याकडे. पहिले तीन चेंडू बाहेर गेले. चौथा आत राहिला. पुनीतच्या कपाळाला आठी पडली, ती तिनं मनात जपून ठेवली.

पाच-चार. सर्व्ह त्याची, ॲडव्हांटेज तिचा; आणखी एक गुण, की सेट तिचा. तिचा फटका त्याच्या मागच्या रेषेशी पडला.

"आत," पुनीत म्हणाला आणि हात पुढे करून जाळ्याकडे आला. "जिंकलात."

चंदनानं हात घेतला नाही. पंच नसलेल्या खेळात आपल्या बाजूचा चेंडू आपणच सांगायचा. शंका आली तर गुण समोरच्याचा, हा बाबांचा नियम. पण तिनं चेंडू पाहिला होता. पिशवीतून तिनं बाबांचा चपटा शिंपीखडू काढला, जाळं ओलांडून गेली, ओल्या मातीतल्या ठशाभोवती गोल काढला आणि ठसा नि रेषा यांच्यामध्ये बोट ठेवलं.

"एक बोट बाहेर."

"मला वाटलं..."

"तुम्हाला शंका नव्हती. दया आली होती." तिचा आवाज चढला नाही. "एवढंच मागितलं होतं मी तुमच्याकडे, पुनीत. ड्यूस, बरोबरी. सर्व्ह करा."

त्याचा चेहरा पडला. मग काहीतरी ठरल्यासारखा तो मागे गेला, चेंडू दोनदा आपटला, आणि आजवर आली नव्हती अशी सर्व्ह तिच्या अंगावर आली. ती बाजूला झाली, फटका खोल गेला, ती जाळ्याशी. त्यानं डोक्यावरून उंच चेंडू टाकला. बाबांचं ठेवणीतलं उत्तर. इथे ती नेहमी मागे धावायची. आज जागीच थांबून वर पाहिलं, आणि मारला.

पुढचा गुण लांबला. सोळा, सतरा फटके. तो खरंच लढत होता, प्रत्येक चेंडूला धावत होता, आणि दम लागलेल्या चंदनाला त्यातच अपार आनंद होत होता. शेवटी चेंडू उंच यायला लागला आणि तिनं तो चढू दिला नाही. डाव्या कोपऱ्यात, रेषेपाशी.

पुनीत वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"या. बघा."

ती गेली. ठसा अर्धा पांढऱ्या रेषेवर होता. खडू लागला नाही.

चंदना तिथेच बसली. रडली नाही. ओल्या मातीवर तळवा टेकवला. बाबांशीही जमलं असतं. म्हणजे, जमलंच की.

"मघाचं चुकलं," तोही शेजारी टेकला. "दया नव्हती पण. तुम्हाला जिंकलेलं बघायचं होतं. इतके रविवार तेवढंच... आणि मला आता रविवार पुरत नाही, चंदना. बाकीचे वारही हवेत." तो मातीकडे बघत होता. "लगेच सांगू नका. पण शंका असेल, तर गुण समोरच्याला द्यायचा. मास्तरांचा नियम."

"शंका असेल तर."

त्यानं दचकून वर पाहिलं. चंदना उठली, त्यालाही हात देऊन उठवलं, आणि शिंपिणीच्या सवयीनं दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवून डोळे बारीक करून बघत राहिली. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे.

"एक बोट खाली आहे," ती म्हणाली. "चालेल."