ग्लासावरची चकती

हे वाचून कुणी हसलं तरी चालेल. लोकांना हसणं हा माझाच धंदा आहे, तेव्हा तक्रार कसली? पण यातलं एक अक्षरही खोटं नाही. पिंपातून बिअर भरून देणारा आमचा मानेस अजून जिवंत आहे, त्याला विचारा.

पबचं नाव सांगत नाही, मालकीणबाईंनी शपथ घातलीय. शहर कोलोन. जुनी गल्ली, नदीपासून पाच मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वीची अकरा नोव्हेंबर, दुपारचे साडेतीन.

माझं नाव ड्रिकेस. मी कोबेस आहे, म्हणजे निळा एप्रन बांधून बिअर वाढणारा. आमच्याकडे कोबेस उद्धटच असावा लागतो. कुणी पाणी मागितलं की आम्ही विचारतो, "आंघोळ करायचीय का? साबण देऊ?" गिऱ्हाईक खूश होतं.

बिअर मात्र मागावी लागत नाही. छोटा ग्लास रिकामा झाला की कोबेस न विचारता दुसरा ठेवतो. मग तिसरा, चौथा... थांबायचं असेल तर गिऱ्हाइकाने ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून ग्लासावर ठेवायची. म्हणजे पुरे झालं.

ती चकती पिणाऱ्यानेच ठेवायची. कोबेसने कधीच नाही.

मी ठेवली.

त्या दिवशी आमच्या कार्निव्हलची सुरुवात होती. अख्खं शहर सोंगं घेऊन रस्त्यावर. पबमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ओवेराथकाका एकटेच बसलेले.

जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस. दोन बोटांनी टेबल वाजवायची सवय. टक-टक... टक. वरच्या खिशात विदूषकाचं लाल नाक. समोरच्या खुर्चीवर मफलर टाकून जागा धरलेली.

"काका, समोर कोण बसणारे? पोप?"

"गुड्रुन येतेय. माझी मुलगी."

अकरा वर्षं दोघं बोलत नव्हती. तिच्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशी बापलेकीचं बिनसलं ते बिनसलंच. आता तिचं पत्र आलं होतं. अकरा तारखेला, दोन वाजता, आपल्या जुन्या टेबलावर. लहानपणी ती याच टेबलावर लाल नाक लावून बसायची, मला आठवत होतं.

"दोन कधीच वाजून गेले, काका."

"गाडी लेट असेल रे."

"गाडी वेळेवर आली असती तर पेपरात बातमी आली असती," मी म्हणालो. ते हसले.

तेवढ्यात मधमाश्यांची सोंगं घेतलेले आठ जण दारात आले. तहानलेले. माझे पाय सकाळपासून भरून आले होते, डोकं ठणकत होतं. काका एकेक ग्लास अर्धा अर्धा तास पुरवत होते.

मी त्यांची चकती उचलली आणि अर्ध्या भरलेल्या ग्लासावर ठेवली. अंगठ्याने जोरात दाबली. कडेला दुमडली ती.

"झालं काका. उद्या या, निवांत बसा."

ते चकतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

भांडले असते तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणाले. चकती खिशात टाकली, मफलर गुंडाळला. दारातून वळून म्हणाले, "ती आली तर सांगशील ना? म्हणावं, मी कोपऱ्यावरच्या ट्रामच्या थांब्यावर बसतो."

"सांगतो, सांगतो! निघा आता!"

वीस मिनिटांनी एक बाई दारात उभी राहिली. हातात बॅग. मान उंच करून कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होती. तिथे मधमाश्या गात होत्या.

तिच्या दुसऱ्या हातात लाल नाक होतं. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि तरी ट्रे डोक्यावर धरून ओरडलो, "जागा नाही बाई! पुढचा पब बघा!"

ती गेली. स्टेशनच्या दिशेला.

साडेपाचला बाहेर रुग्णवाहिका दिसली आणि मला निरोप आठवला. थांब्याच्या बाकावर ओवेराथकाका बसल्या बसल्या गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारचे चार. पब रिकामा. खिडकीशी दोन गिऱ्हाइकं.

आमच्या गोल ट्रेला अकरा खाचा असतात. मानेसने सवयीने अकराही ग्लास भरून दिले. मी कोपऱ्यातल्या टेबलाजवळून खिडकीपर्यंत गेलो, ट्रे खाली घेतला...

दहा.

"मानेस, मोजता येत नाही का तुला?"

"अकरा दिलेत. तूच प्यालास वाटेत."

मी मागे वळलो.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक ग्लास होता. अर्धा. आतल्या बाजूला फेसाची ओली कड...

दोन्ही खुर्च्या समोरासमोर ओढलेल्या. सकाळी मी स्वतः त्या टेबलाखाली सरकवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. रोज चारला एक खाच रिकामी. आणि मागून आवाज...

टक-टक... टक.

आठव्या दिवशी मी त्या ग्लासावर चकती ठेवली. वाटलं, संपेल एकदाचं. पाठ फिरवली आणि...

टप्.

चकती जमिनीवर. परत ठेवली. परत टप्. तिसऱ्यांदा ती माझ्या पायाशी येऊन पडली. मानेसने ते पाहिलं.

मी चकती ठेवायचा नाद सोडला. रोज चारला स्वतःच एक ग्लास नेऊन ठेवायला लागलो. तो हळूहळू रिकामा व्हायचा. काका जसे प्यायचे तसाच.

म्हातारा अजून मुलीची वाट बघत होता. आणि ती येऊन गेलीय, हे फक्त मला ठाऊक होतं.

जानेवारीत ती आली. दुपारी, अंधार व्हायच्या पाऊण तास आधी. काळा कोट. तिने पर्समधून एक चकती काढली. आमच्या पबची. कडेला दुमडलेली.

"पप्पांच्या मुठीत सापडली. दवाखान्याने आता दिली." तिने दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "त्या दिवशी ते इथे आले होते का? मी आले तेव्हा नव्हते. मला वाटलं, त्यांना नव्हतंच भेटायचं."

खोटं बोलायला खूप जागा होती. तिने मला ओळखलंही नव्हतं.

"बारा वाजल्यापासून बसले होते," मी म्हणालो. "तुझ्यासाठी खुर्ची धरून. मी त्यांना उठवलं, पोरी. मधमाश्यांसाठी. आणि दारातून तुला हाकललं तेही मीच."

तिने मला मारलं असतं तर मी हात धरला नसता. ती नुसती कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होती.

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, ती आली तर सांग, मी ट्रामच्या थांब्यावर बसतो."

दोन महिने उशिरा सांगितला मी तो निरोप.

टक-टक वाजत होतं एवढा वेळ. मला त्याची इतकी सवय झाली होती की ते थांबलं तेव्हाच कळलं...

गुड्रुन जाऊन बसली. मी दोन ग्लास ठेवले. एक तिच्यापुढे, एक रिकाम्या खुर्चीपुढे. दुमडलेली चकती तिने मधोमध ठेवली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

"पप्पा, गाडी लेट होती हो. दीड तास लेट होती."

मला बघवेना. मी पिंपाशी जाऊन उभा राहिलो. मानेसने माझं मनगट धरलं. घट्ट.

"ड्रिकेस... बघ."

गुड्रुनच्या समोरच्या खुर्चीपुढचा ग्लास रिकामा होता. तळापर्यंत.

आणि त्याच्यावर ती दुमडलेली चकती होती.

गुड्रुनचे दोन्ही हात तोंडावर होते. तिने बोटं बाजूला केली, पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी नाही ठेवली, असं सांगत होती.

ती चकती ती घेऊन गेली. दर अकरा नोव्हेंबरला येते. माझ्याशी फार बोलत नाही, पण जाताना खांद्यावर हात ठेवते.

त्या दिवसापासून ट्रेमध्ये अकराच्या अकरा ग्लास असतात. खुर्च्या टेबलाखाली ठेवल्या तशाच राहतात.

तरी रोज चारला मी कोपऱ्यात एक ग्लास ठेवतो. फेस बसतो, बिअर कोमट होते. सहाला मी ती मोरीत ओततो. एक थेंबही कमी झालेला नसतो. ग्लास रिकामा व्हायचा तेव्हा माझा थरकाप उडायचा. आता तो भरलेला राहतो, आणि मला रडू येतं.

मानेस म्हणतो, "म्हातारा सुटला रे. आता तूही सूट."

कसा सुटू? ते मुलीसाठी थांबले होते, ती भेटली, ते गेले. मला त्यांची माफी मागायची होती, आणि मी रोज ग्लास आणून ठेवायचो तेव्हा एकदाही तोंड उघडलं नाही.