घरी जाल तिथपर्यंत

मघाशी तुम्ही दारात उभं राहून बसायची परवानगी मागितलीत आणि मी तुमचं ओळखपत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं, चेहराही न्याहाळला. राग आला असेल. हा म्हातारा स्वतःला कोण समजतो, असंही मनात आलं असेल. धुकं निवळायला अजून तासभर आहे, तेव्हा कारण सांगतो.

जम्पसीटचे नियम तुम्हाला पाठ असणार. कॉकपिटमधली ही मागची घडीची खुर्ची, उठलं की आपसूक मिटणारी. ड्युटीवर नसलेल्या वैमानिकाला कुठे जायचं असेल तर ती मिळते, पण कॅप्टनने तोंडाने ‘या’ म्हटल्यावरच. कशाला हात लावायचा नाही. दहा हजार फुटांच्या खाली, चढताना आणि उतरताना, कामाशिवाय चकार शब्द काढायचा नाही. शेवटी कॅप्टनचे आभार मानायचे आणि मगच जायचं. मी स्वतः पंधरा वर्षं असाच घरी जात आलोय, कारण माझी ड्युटी एका शहरात आणि घर दुसऱ्यात. सासूबाई म्हणायच्या, जावई नाही मिळाला, पार्सल मिळालं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन. को-पायलट विमानाभोवती तपासणीची फेरी मारायला खाली उतरला होता आणि मी फोनवर मुलीशी बोलत होतो. ठमी तेव्हा सात वर्षांची. दारातून कोणीतरी हळू, अदबीने विचारलं, “कॅप्टन, तुम्ही घरी जाल तिथपर्यंत येऊ का?”

माझं सगळं लक्ष फोनमध्ये. ओळखपत्र राहिलं बाजूला, मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “या, बसा,” म्हटलं.

“कोणाला बसा म्हणालास, बाबा?”

“आहेत एक काका. घरी निघालेत.”

मागे खुर्ची उलगडली. मग पट्टा लागला... टक्. मी फोन ठेवून वळलो तर खुर्ची खाली, पट्टा लावलेला आणि खुर्चीत कोणी नाही. फक्त डांबरगोळ्यांचा वास, ट्रंकेत वर्षानुवर्षं पडलेल्या कोटाला येतो तसा.

मी पट्टा सोडून खुर्ची मिटवली. विमान वर गेल्यावर पाहतो तर ती पुन्हा खाली.

“स्प्रिंग गेली असेल, सर,” को-पायलट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुसरं विमान होतं, तिसऱ्या दिवशी तिसरं. सगळ्यांच्याच स्प्रिंगा कशा जातील?

एक मात्र कबूल करतो, इतका शिस्तीचा सोबती मला कधी मिळाला नाही. चढताना, उतरताना अगदी गप्प. दहा हजार फूट ओलांडले की हेडफोनमध्ये एक कोरडा खोकला यायचा. को-पायलटला तो ऐकू जात नसे. आभार मात्र त्याने एकदाही मानले नाहीत. म्हणजे त्याचा प्रवास संपलेला नव्हता. मग त्याचे शब्द मला नीट आठवले. तुम्ही घरी जाल तिथपर्यंत. म्हणजे थेट माझ्या घरापर्यंत.

एकदा सगळे उतरल्यावर मी रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिलो. “परवानगी मागे घेतली,” म्हटलं. “उतरा आता... कृपा करून उतरा.” पट्टा सुटला नाही. माझ्या डोळ्यांदेखत तो हळूच आणखी घट्ट झाला.

मी घरी जाणंच बंद केलं. सुट्टी आली की ड्युटीच्या गावातच खोलीवर पडून राहायचो. सात आठवडे असे काढले. बायकोला काय सांगणार? ती म्हणाली, “दुसरं घर केलं असशील तर तसं सांग, मी पाट मांडून वाट बघायची थांबते.” मी हसलो. मग फोन ठेवून रडलो.

आठव्या आठवड्यात ठमीचे टॉन्सिल काढले. तिला नुसतं कुजबुजता येत होतं. “बाबा... तू येणार ना?” तिने विचारलं, आणि मला राहवेना.

मी माझ्यापरीने शहाणपणा केला. ज्या विमानाचा मी कॅप्टन नाही, त्याच्या जम्पसीटवर बसायचं. तिथे परवानगी दुसऱ्या कॅप्टनची, आणि ती एकट्या माझ्यापुरती. त्याला कोण आत घेणार? कॅप्टनबाई तरुण होत्या. मी ओळखपत्र दाखवलं, त्या ‘या’ म्हणाल्या. माझ्या मागे दुसरी घडीची खुर्ची होती. वाटेत दहादा मान वळवून पाहिली, दहाही वेळा मिटलेली. वास नाही, खोकला नाही. विमान उतरू लागलं तसा नियमाप्रमाणे समोर बघत गप्प बसलो. कित्येक दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता.

सगळे प्रवासी गेल्यावर मी आभार मानले.

“तुमचे सोबतचे काका आधीच मानून गेले,” कॅप्टनबाई म्हणाल्या. “दार उघडल्या उघडल्या. किती अदबीने बोलतात हो. खरं तर आपण शेवटी उतरायचं असतं, पण म्हणाले, घरी मुलगी एकटी आहे.”

“कुठे... बसले होते?”

“तुमच्या मागेच की.”

मी वळलो. खुर्ची खाली होती.

धावत बाहेर पडलो, घरी फोन लावला. ठमीने उचलला. आई खाली औषध आणायला गेली होती, पाच मिनिटांसाठी.

“बाबा,” ती कुजबुजली, “ते काका आलेत. दारात उभं राहून विचारलं, बसू का? तू म्हणाला होतास तसंच मी म्हटलं. या, बसा.”

घरी कसा पोचलो ते आठवत नाही. ठमी ठीक होती, पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून चित्रं काढत होती. दुसरं कोणी नव्हतं. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास होता. बायको म्हणाली, आमच्या घरात डांबरगोळ्या नाहीतच.

तेव्हापासून माझ्या मागची खुर्ची कधी आपोआप उलगडली नाही. आम्ही घर बदललं, एकदा नाही, दोनदा. ठमीचा गळा केव्हाच बरा झाला, डॉक्टरांनी तीनदा तपासला. तरी ती अजून कुजबुजतेच. मी निघायच्या आधी रोज फोन करतो. ती काही बोलायच्या आधी पलीकडून पट्टा लागल्याचा आवाज येतो, आणि मी इथे, शेकडो मैलांवर, कानाला फोन लावून नुसता बसलेला असतो.

आज सकाळीही केला होता. नेहमी शाळेतलं काहीबाही सांगते. आज बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. दोघांचा.

“ठमे, बोल ना गं.”

“श्श... बाबा, आता बोलायचं नसतं,” ती म्हणाली. “काका म्हणतात, आपण खाली उतरायला लागलोय.”