एकाच्या खाली

रश्मी कामाला लागली की गुणगुणायची. तिची प्रयोगशाळा मस्कत विमानतळाच्या पलीकडे, एका संस्थेच्या मागच्या अंगाला होती. खिडकीबाहेर पार्किंग, त्यापुढे भाजून काढल्यासारखे तपकिरी डोंगर, आत दिवसभर एसीची घरघर. शाळा सुटली की पूर्वा थेट आईकडे यायची. नुकतीच वादविवाद स्पर्धा जिंकलेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार.

काचेच्या कपाटात सिरिंज, तिच्यात फ्लोरिनवाल्या पॉलिमरचा दाट द्राव. सुईला हजारो व्होल्टची वीज दिली की टोकावरच्या थेंबातून तंतू सुटायचा, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, आणि समोर फिरणाऱ्या ड्रमवर जाऊन बसायचा. संध्याकाळपर्यंत पांढरी, शेवरीच्या कापसासारखी चादर तयार. तिच्यावर पाणी ओतलं तरी थेंब घरंगळून जात.

"दोन तारांच्या मधे असं काही हवं, जे विजेला धरून ठेवणार नाही," रश्मीने समजावलं होतं. "जितकं कमी धरेल तितका आकडा कमी. निव्वळ पोकळीचा आकडा एक. त्याच्या खाली काही नसतं."

रश्मीचा आकडा दीडवर अडला होता. बाबांची, म्हणजे धम्मदीपची, कंपनी तेलाच्या मंदीत आधीच बसलेली. आता रश्मीचा करार वाढला नाही तर व्हिसा गेला, हमरियातलं घर गेलं, पूर्वाची शाळाही गेली. धम्मदीप जेवताना हसत म्हणायचा, "सामान बांधायला घ्या, यल्ला, चला नागपूरला." पण हसणारा तो एकटाच असायचा.

गाण्याची गोष्ट पूर्वाच्याच लक्षात आली. ज्या दिवशी आई गुणगुणते, त्या दिवशीच्या चादरीचा आकडा उतरतो. रश्मी हसली, हवेतल्या दमटपणाने फरक पडतो, म्हणाली. पूर्वाने मग एसी, दमटपणा, द्राव सगळं सारखं ठेवायला लावलं. एक चादर मुकाट्याने, एक गाऊन. मुकाट चादर दीडवरच राहिली. गायलेली सव्वाच्याही खाली गेली.

पूर्वा नाचली. रश्मी मात्र काहीतरी आठवायला बघत होती. आजीचा पाळणा म्हणत होती ना ती, त्याचं दुसरं कडवं तिला आठवेना. "जिभेवर होतं गं," ती म्हणाली. पूर्वा म्हणाली, थकलीयेस तू.

त्यानंतरचे दिवस पूर्वाला पुढे कितीदा तरी आठवले. आईने एकेक गाणं म्हणावं, आकडा उतरावा, आणि ते गाणं पुन्हा घरी कधीच ऐकू येऊ नये. दिसत होतं की. पण अहवाल देण्याआधी एकच चादर करायची उरली होती, आणि संस्थेत सगळे म्हणत होते, आकडा एकाला टेकला तर करार पक्का.

त्या दुपारी रश्मी कपाटासमोर नुसती उभी राहिली.

"आज नको ठमे. एकही गाणं येत नाहीये मला."

"मग बोल ना काहीतरी. माझ्याबद्दल बोल. ते तर कधी संपत नाही तुझं."

रश्मी हसली आणि बोलू लागली. पूर्वा जन्मली त्या दिवशीचं नागपूरचं ऊन. पहिला दात. तिला ठमी हे नाव कसं पडलं. मत्रहच्या बाजारात ती हरवली आणि लुबानाचा धूप विकणाऱ्या एकाच्या मांडीवर झोपलेली सापडली, ते. ड्रम फिरत होता. एरवी तंतू सुईपासून थेट ड्रमवर जायचा, आज मात्र तो रश्मीच्या तोंडाच्या बाजूला किंचित वळून मग ड्रमकडे जात होता.

पूर्वाने ते पाहिलं. थांब म्हणावंसं वाटलं तिला.

म्हणाली नाही.

बोलता बोलता रश्मी मधेच थांबली, वाक्य अर्धं टाकून. मग तिने यंत्र बंद केलं, चादर सोडवली, दोन तबकड्यांमध्ये ठेवून मापली.

शून्य पॉइंट नऊ.

पुन्हा मापली. तेच.

"यंत्र बिघडलं असेल," रश्मी शांतपणे म्हणाली आणि चादरीचा एक तुकडा कचऱ्यात टाकला. पूर्वाने तो गुपचूप दप्तरात घातला.

घरी आल्यावर पूर्वाने खोलीचं दार लावलं आणि तुकडा कानाशी धरला. खाली हमरियातल्या दुकानांचा गलका होता, तो थांबला. स्वतःचा श्वासही ऐकू येईना. "आई," ती तुकड्यात हळूच म्हणाली. ओठ हलले, एवढंच.

दार वाजलं. पूर्वाने उघडलं.

रश्मी ट्रे घेऊन उभी होती. त्यात पाण्याचा ग्लास, बशीत बिस्किटं, आणि शोकेसमधला सोनेरी कडांचा कप. पूर्वा चहा पीत नाही. कधीच प्यायली नव्हती.

"साखर किती घेता?" रश्मीने विचारलं.

बाहेरच्या खोलीत धम्मदीप मोठ्याने हसला. काय नाटकं चाललीत मायलेकींची, असं काहीतरी म्हणाला.

"एक चमचा," पूर्वा म्हणाली.

रश्मीने साखर घालून ढवळली, कप पुढे केला. मग ओढणी सारखी केली, आणि पाहुण्याने पहिला घोट घेईपर्यंत थांबतात, तशी हसऱ्या चेहऱ्याने दारातच थांबली.