अर्ध्याचं अर्धं

ताईच्या कॅल्क्युलेटरसाठी चार बारीक सेल आणायला मी दुपारी बाहेर पडलो होतो. एवढंच काम. परत आलो तर ताईने विचारलं, फाटकाशी कोण उभं आहे. मी म्हणालो, कुणी नाही. ती ‘बरं’ म्हणाली आणि तिने सेल घालायला सांगितले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मी जवळजवळ तितकीच वर्षं कचेरीत बसून आलेल्या कागदांवर शिक्के मारले. लग्न दोघांचंही झालं नाही. तिला कुणी पसंत पडलं नाही आणि मला कुणी विचारलं नाही. निवृत्तीनंतर एका घरात राहू लागलो. मग तिचे हातपाय गेले. डोकं मात्र शाबूत राहिलं, त्यामुळे माझी काही सुटका झाली नाही.

तिचा तो कॅल्क्युलेटर आलेख काढणारा होता, आणि त्यात छोटे प्रोग्रॅम लिहिता येत. दुपारी ती खाटेवरून सांगायची, मी बटणं दाबायचो. मूळ संख्या शोधणारा, पडद्यावर वक्र रेषा काढणारा, असे पाच-सात ओळींचे. चुकलो की ‘कारकुंड्या’ म्हणायची. मी रोज चुकायचो.

त्या दिवशी तिने तीनच ओळी सांगितल्या. आधी ‘ए’च्या कप्प्यात चौसष्ट ठेवायचे. मग प्रोग्रॅम असा : ‘ए’चं अर्धं कर, ते परत ‘ए’मध्ये ठेव, दाखव. चौसष्टच का, असं विचारलं तर म्हणाली, फाटकापासून या खाटेपर्यंत तेवढी पावलं आहेत.

“रोज तीन वाजता एकदा चालवायचा,” ती म्हणाली. “चालवलास तर फाटकाशी उभा आहे तो उरलेल्या वाटेच्या अर्ध्यावर थांबेल. नाही चालवलास तर... आपल्या मनाने येईल.”

हे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. मी लावून धरलं नाही. वरून आलेला आदेश कुठून आला हे विचारायची सवय नोकरीत लागलीच नव्हती.

तीनला प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर बत्तीस. बाहेर खडीवर पावलं वाजू लागली, एका बुटाचा तळ सुटल्यासारखी. बत्तीस झाली आणि थांबली. खिडकीतून पाहिलं तर ऊन होतं आणि खडी होती.

दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी आठ, म्हणजे बाहेरच्या खोलीत. दाराला आतून कडी होती, ती तशीच राहिली. पाचव्या दिवशी तो या खोलीच्या उंबऱ्यात आला आणि बंद कपाटात ओलं फडकं राहून गेल्यासारखा वास सुटला. सहाव्या दिवशी ताईपासून एक पाऊल. मी घाबरलो का? फारसा नाही. कुणीतरी आत आलंय आणि त्याला बसा म्हणायचं राहून गेलंय, एवढंच वाटलं.

ताई मात्र त्या दिवशी खुशीत होती. कित्येक महिन्यांनी हसली.

“आता अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं. शून्य कधी येतच नाही. या यंत्राचे अंक संपायलाही वर्ष लागेल.” थोडं थांबून म्हणाली, “मला अजून एक वर्ष हवंय रे.”

वर्षभरात ती काय करणार होती, मला माहीत नाही. प्रोग्रॅम सांगितले असते.

चौदाव्या दिवशी आकडा आला शून्य पॉइंट शून्य शून्य तीन नऊ शून्य सहा दोन पाच. हे असं शेपूट. आमच्या कचेरीत दशांशाच्या दोन घरांपुढचं सोडून द्यायचा नियम होता. रकान्यात मावत नसे. नियम चांगला होता. त्याने कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी ताईचा डोळा लागला होता. मी प्रोग्रॅम उघडला आणि मधे एक ओळ घातली : दोन घरं ठेव, पुढचं सोड. न विचारता लिहिलेली माझी आयुष्यातली पहिली ओळ. चुकली नाही. तीन वाजले. बटण दाबलं.

पडद्यावर शून्य आलं.

सुटसुटीत दिसत होतं. मला बरंही वाटलं, निदान दोन क्षण.

“किती आलं?” ताईने विचारलं. जागी झाली होती.

मी मनातल्या मनात अर्धं केलं. शून्य पॉइंट शून्य शून्य एक नऊ पाच तीन एक दोन पाच, असं सावकाश सांगितलं. तिने डोळे मिटून ताडून पाहिलं.

“बरोबर,” ती म्हणाली. मला ती असं कधी म्हणाली नव्हती.

तेवढ्यात तिच्या कमरेशी गादीची कड हळूहळू दबली. ताईचं अंग त्या बाजूला थोडं कललं. तिने तिकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“मग हा... बसला कसा?”

मी कॅल्क्युलेटर मांडीवर उलटा ठेवला.

चारच्या सुमाराला ती गेली. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय लिहिलं. तो रकाना मोकळा ठेवता येत नाही.

नंतर मी माझी ओळ काढून टाकली. उपयोग नव्हता, शून्याचं अर्धं शून्यच. मग आल्या वाटेने तो परत जावा म्हणून अर्ध्याच्या जागी दुप्पट करून पाहिलं. शून्याची दुप्पटही शून्य. गादी उचलून उन्हात टाकली, दिवसभर काठीने झोडली. कडेचा खोलगा गेला नाही. शेवटी ताईच्या तीन ओळी होत्या तशाच परत लिहिल्या आणि रोज तीनला चालवत राहिलो. दहा-अकरा दिवस शून्य आलं.

परवा वजा एक आलं. काल वजा दोन. प्रोग्रॅम उघडून पाहिला. ओळी त्याच आहेत, अर्धं करणाऱ्या.

शून्याच्या पलीकडे म्हणजे ताईच्या खाटेच्या पलीकडे. तिथे दोन-तीन पावलांवर भिंत आहे, आणि भिंतीच्या मागे माझी खोली.

आज तीनला मी ताईच्या खोलीत बसून पावलं मोजली. कालच्या दोनपुढचं तिसरं तिथेच वाजलं. चौथं भिंतीच्या मागे वाजलं.