कोरडी जागा

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या मावसबहिणीची, संध्याची आहे. तिनं सांगितली तेव्हा भरदुपारचं ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पदरचं एक अक्षर मी घातलेलं नाही.

मागच्या वर्षीची, दसऱ्यानंतरची गोष्ट.

मोहोपाड्यापासून थोडं आत एका कारखान्याची जुनी स्टाफ कॉलनी आहे. कारखाना निम्मा बंद पडला, माणसं पांगली. संध्या लग्न होऊन तिथं गेली तेव्हा त्यांच्या ओळीत दोनच घरांत दिवा लागायचा.

एक तिचं. दुसरं शेजारच्या गोदाकाकींचं.

नवरा रूपेश दुसऱ्या पाळीला. दुपारी गेला की रात्रीच यायचा. दिवसभर घर खायला उठायचं. बोलायला काय त्या गोदाकाकीच. त्या कॉलनीच्या दवाखान्यात आया होत्या, एकट्याच राहायच्या. घरापुढं हिरवळ राखलेली, कडेनं अबोली आणि शेवंती. संध्याकाळी तिथंच खुर्ची टाकून बसायच्या. कधी कधी कुंपणापलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. संध्याला वाटायचं, फोनवर असतील.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकी पनवेलला मुलाकडं गेल्या.

"ऊन लई कडक हाय, माज्या झाडांना पानी घाल गं," एवढंच सांगून गेल्या.

कॉलनीत नळाला पाणी दिवेलागणीलाच यायचं. पहिल्या संध्याकाळी संध्यानं पाइप लावला. शेवंती भिजली, हिरवळ भिजली. पाइप गुंडाळताना तिचं लक्ष गेलं...

हिरवळीच्या मधोमध एक जागा कोरडी होती.

माणूस मांडी घालून बसेल, एवढी.

राहिली असेल, म्हणून तिनं पाइपाच्या तोंडाला अंगठा लावून फवारा तिकडं वळवला. पाणी तिथवर गेलं...

आणि दोन्ही बाजूंनी ओघळलं. कुणाच्या खांद्यांवरून ओघळावं तसं.

आत एक थेंब पडला नाही.

पाइप तिथंच टाकून ती घरात पळाली.

रूपेशला सुट्टीच्या दिवशी तिनं ओढतच नेलं. त्यानं स्वतः पाणी मारलं. सगळी हिरवळ ओलीचिंब.

"एकटीला करमत नाय तुला, म्हनून असं दिसतं," तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही. पण त्यानंतर तिनं त्याला काही सांगितलं नाही.

झाडं वाळू देववेनात, म्हणून ती पाणी घालतच राहिली. कोरडी जागा परत दिसली. फक्त आता ती मधोमध नव्हती.

कुंपणापाशी होती.

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या अलीकडं. संध्याच्या अंगणात, कुंपणावरून पाणी उडालं होतं तिथं.

तिनं काकींना फोन लावला. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुलाबी दिसलं व्हय?" काकी हळूच म्हणाल्या. "कोन हाय ते मलाबी ठावं नाय गं. येतं, बसतं. मी आपली बोलत बसायची. दवाखान्यात काय झालं, पोराचा फोन नाय आला... सगळं सांगायची. तेवढंच बरं वाटायचं."

"काकी, ते माज्या दाराकडं येतंय!"

"मी नाय ना तिथं. सोबत शोधत आसल."

त्या संध्याकाळी संध्या घाईघाईनं पाणी मारून वळली. कुंपणावरून उडालेल्या पाण्यानं तिच्या दारापुढची फरशी भिजली होती. पायरी मात्र...

पायरी कोरडी होती. अगदी मधोमध.

घरात जायचं तर तिथूनच. अंधार उतरत होता. ओळीत एकही दिवा नाही. नळाचं पाणी गेलं, पाइपातून शेवटची गुळगुळ झाली आणि सगळं गप्प झालं. रातकिडेसुद्धा.

ती कशीबशी बोलली, "काकी येनार हायत. तुमी... तुमी तिकडंच बसा. मला भ्या वाटतं."

आणि तिला ऐकू आलं. कुणीतरी लांब श्वास सोडला. रागाचा नव्हे. उठवलेल्या माणसानं सोडावा तसा, दमलेला.

पायरीवर कडेकडेनं ओल चढायला लागली. हळूहळू सगळी पायरी भिजली.

ती घरात गेलीच नाही. रूपेश येईपर्यंत गेटवरच्या वॉचमनच्या केबिनपाशी बसून राहिली. महिन्याच्या आत त्यांनी ती जागा सोडली. आता साजगावला राहतात. तिसरा मजला, अंगण नाही.

दिवाळीनंतर काकींचा फोन आला. डोळा बरा होता, झाडं जगली होती. निरोप घेताना त्या म्हणाल्या,

"संध्या, एक विचारू? मी रोज खुर्ची टाकून बसते. पन हितं कोन येत नाय आता. तुज्याकडं हाय का गं?"

संध्या "नाय" म्हणाली.

मी परवा तिच्याकडं गेले तेव्हा तुळशीचं रोप नेलं होतं. तिनं हातात घेतलं आणि लगेच मला परत दिलं. तिच्या घरात एकही कुंडी नाही. फरशीसुद्धा ती पाणी ओतून धूत नाही, नुसतं फडकं फिरवते.

मी कारण विचारलं.

ती म्हणाली, "पानी घातलं की कळतं ना गं, हाय का नाय ते."

त्यानंतर निघेपर्यंत आम्ही दोघी हळू आवाजातच बोलत होतो. का, ते मला अजून कळलेलं नाही.