हीटरशेजारची खुर्ची

वर्गातली अख्खी रांग रिकामी असताना तो माणूस नेमका हिल्काच्याच शेजारी येऊन बसला. आता फिनलंडमधल्या ताम्पेरेत असं कुणी करतं का? इथे तर बसमध्येही लोक अनोळख्याशेजारी बसण्यापेक्षा उभे राहतात. हिल्काने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं... बाहेरच्या ओल्या बर्फाचे थेंब अजून त्याच्या दाढीत अडकलेले होते.

"इथे हीटर आहे ना," तो आपणहून पुटपुटला.

त्याचं नाव ओस्मो. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यावर आता त्याला म्हाताऱ्यांसाठी सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीच्या, पाय न घसरणाऱ्या पायऱ्या करायच्या होत्या. हिल्का लोकरीच्या गिरणीत रंग जुळवायची. तिला रानातल्या अळंब्यांपासून स्वतःचे रंग करायचे होते. नोकरीत मुरलेल्यांना धंदा शिकवणारा हा संध्याकाळचा वर्ग. शेवटच्या दिवशी परीक्षकांना पटलं, तर कामाला एक खोली मिळणार. नाहीतर हिल्काने गिरणीतून घेतलेली रजा संपलीच, पुन्हा तीच गिरणी आणि तोच करडा रंग.

पण आपल्या मालाचं कौतुक करायची वेळ आली की हिची बोबडी वळायची. "रंग जरा फिका पडतो... वेळ लागतो... आणि महाग आहे." सगळा वर्ग समजुतीने माना डोलवायचा आणि शिकवणाऱ्या बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

कॉफीच्या सुट्टीत ओस्मो वेलचीचा पाव अर्धा तिच्यापुढे सरकवायचा. हीटरशेजारी बसूनही हा मफलर का काढत नाही, याचं तिला भारी कुतूहल. विचारलं की नुसता हसायचा.

एकदा मात्र म्हणाला, "दोष सांगा की खुशाल. फक्त पुढे 'तरीही' म्हणा."

"तरीही काय?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

शेवटच्या दिवशी तिने सगळे दोष सांगितले, थांबली, आणि म्हणाली, "तरीही... माझी आई या रंगाचे हातमोजे उन्हाळ्यातसुद्धा काढत नाही." परीक्षक हसले. खोली मिळाली.

आनंदात तिने आपले ओले हातमोजे ओस्मोच्या पलीकडच्या हीटरवर टाकले आणि ती चमकली. हीटर गारढोण.

"कधीपासून बंद आहे हा?"

"पहिल्या दिवसापासून," ओस्मो बुटांकडे बघत म्हणाला. "मी आत दोन स्वेटर घालून यायचो."

हिल्का परीक्षकांपुढे उभी राहिल्यासारखी ताठ उभी राहिली.

"हा माणूस खोटं बोलतो. एरवी तोंड उघडत नाही. आणि अख्खा हिवाळा उगाच कुडकुडतो."

"तरीही?" त्याने हळूच विचारलं.

"तरीही — मला तू हवा आहेस, ओस्मो."

तेव्हा कुठे त्याने मफलर काढला.