शंभराचा हट्ट

पेणच्या एसटी स्टँडवर जोह्याची गाडी लागली. शकू रंगाच्या डब्यांची पिशवी उचलायला वाकली… आणि तशीच राहिली. कंबर धरली ती धरलीच! मागून लोकांचे धक्के, कंडक्टरची हाकाटी, आणि ही बया धड वर ना खाली.

"आधी श्वास सोडा बघू," कुणीतरी म्हणालं. "पिशवी मी धरतो."

मान वळेना, त्यामुळे तिला दिसले फक्त बूट आणि काखेतली गुंडाळलेली निळी चटई.

"स्टँडवर झोपायला आलात काय?" कण्हतानाही शकूची जीभ गप्प बसेना. वर तो हसला… आणि ते हसणं तिला आवडलं, खोटं कशाला बोला!

तो दिनानाथ, रोह्याजवळच्या वरसे गावचा. आठवड्यातून तीनदा पेणला पिलाटीसचा, म्हणजे चटईवरच्या व्यायामांचा, वर्ग घ्यायचा. शकू जोहे गावात गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची, दिवसभर जमिनीवर मांडी घालून. कंबर सुधारली नाही तर बसणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बसणं बंद म्हणजे आखणी बंद. दुसऱ्याच दिवशी ती वर्गात हजर झाली.

पहिलाच व्यायाम 'शंभर'. उताणं पडायचं, डोकं-खांदे उचललेले, पाय सरळ नि अधांतरी. हात वरखाली हलवत शंभर मोजायचे. पाच आकडे श्वास आत, पाच आकडे बाहेर. तिसालाच शकूनं डोकं टेकलं.

"मोबाइलवर बायका गुडघे वाकवून करतात. डोक्याखाली उशीसुद्धा हाय!"

"ती नवी सोय. मी मूळचंच शिकवतो, जुनं, पिलाटीससाहेबांनी बसवलं तसं."

"व्हय का? दिनानाथ! नाव आजोबांच्या काळातलं, व्यायामपण त्याच काळातला!"

त्याचे कान लाल झाले. पण गडी हटला नाही.

तीन आठवड्यांनी कंबर सुधारायची सोडून शकूची मानही आखडली. "आता मी नाय येणार," डोळे पुसत ती म्हणाली. "यंदा आखणी दुसऱ्याला द्यावी लागणार मला."

दुसऱ्या दिवशी कारखान्याची मालकीण हौसामावशी ओरडली, "शकू गो, कोन आलाय बघ!"

दारात दिनानाथ. काखेत चटई.

"तुमचं काम बघायचं होतं…"

"बघा की. फुकट हाय."

उशीला टेकून कशीबशी बसलेल्या शकूनं कुंचला उचलला. पापणीची रेघ सरसर उतरली. दिनानाथ तिच्याकडेच बघत होता — रेघेकडे नाही, तिच्याकडे. तिला ते कळलं आणि गाल तापले.

"श्वास कुठाय तुमचा?"

"रोखलाय. घेतला तर रेघ हलते. आखणीवाले सगळेच रोखतात."

तो मटकन खाली मातीतच बसला. "अहो, मग तुम्ही शंभरसुद्धा श्वास रोखूनच करताय! आणि मी नुसते पाय बघत बसलो. चुकलं माझं."

त्यानं तिथंच, मूर्तींच्या रांगेत चटई अंथरली. तिला उताणं झोपवलं, गुडघे वाकवलेले, डोक्याखाली घडी घातलेलं पोतं.

"आणि पिलाटीससाहेब?"

"त्यांना मी समजावतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त श्वास घ्या… आणि सोडा."

मग वर्गाच्या दिवशी, वर्ग संपला की तो जोह्याला यायचा. आधी नुसता श्वास, मग डोकं वर, मग एक पाय सरळ. श्रावण लागला तेव्हा शकूनं मूळचा शंभर, जुन्या पद्धतीनं, शेवटपर्यंत केला. आखताना ती आता हळूहळू श्वास सोडायची, आणि रेघ हलायची नाही.

त्या दिवशी ती दोन तास सलग बसली. मोठ्या मूर्तीचे दोन्ही डोळे झाले. तिनं कुंचला ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

"देवानं धाडलं तुम्हाला. नाहीतर हे हात रिकामे झाले असते माझे."

"मलाही तुमच्यामुळंच नीट शिकवता यायला लागलं," दिनानाथ चटई गुंडाळत म्हणाला. मग जरा थांबून, "आता माझी गरज नाही तुम्हाला."

"नाय."

त्याचा चेहरा एवढासा झाला.

"कंबर बरी हाय. माझी मी उठते, माझी मी बसते," शकू म्हणाली. मग रंगानं माखलेला हात तिनं पुढे केला.

"तरी हात दे. आणि सोडू नको."